खुनानंतरचे वीस दिवस

एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा : ‘लॉकडाऊनपासून युरोपातल्या बऱ्याच मालिका लावून बघितल्या. स्पॅनिश चोरांची मालिका एका दमात संपवली. पण डॅनिश, जर्मन, आइसलँडच्या मालिका दोन-तीन भागांपुढे जातच नाहीत. फार संथ, फार काळोख्या, सगळे चेहरे पडलेले. विनोदी म्हणून ज्यांची नावं कळली त्यांत नेमकं हसायचं कुठे तेच समजलं नाही. तुम्ही स्वतः मालिका लिहिता. तुम्हाला त्यात काय दिसतं? आणि बघायच्याच असतील तर सुरुवात कुठून करू?’

ताई, मी गेली अठरा वर्षं मराठी दैनंदिन मालिकांची पटकथा लिहिते आहे. त्यामुळे तुमची तक्रार मला आतून समजते. आपली सगळ्यांची नजर ज्या तालावर तयार झाली आहे, तो ताल रोज लिहिणारी मीच एक आहे. बावीस मिनिटांचा भाग, त्यात ब्रेकच्या आधी एक-एक छोटा धक्का आणि शेवटी मोठा हुक. घटना घडली की तिघा-चौघांचे रिअ‍ॅक्शन शॉट, मग पुढची घटना. मालिका सुरू होते तेव्हा ती कधी संपणार हे लेखकालाही माहीत नसतं. त्यामुळे एक ट्रॅक संपायच्या आत दुसऱ्याची पेरणी करावीच लागते. हे काम सोपं नाही आणि मला त्याची लाजही वाटत नाही. पण ही सवय डोळ्यांत घेऊन कोपनहेगनच्या मालिकेसमोर बसलं, की ‘काहीच घडत नाहीये’ असं वाटणारच.

घडत असतं. फक्त घटना घडून गेलेली असते आणि मालिका तिच्यानंतर सुरू झालेली असते. युरोपातल्या चांगल्या मालिका घटनेपेक्षा तिच्यानंतरच्या दिवसांना जास्त वेळ देतात. हे एकदा ध्यानात आलं आणि माझं बघणंच बदललं. विनोदी मालिकांनाही हे लागू आहे, त्याकडे पुढे येते.

आधी माझाच एक अनुभव. काही वर्षांपूर्वी एका मालिकेत शाळकरी मुलाच्या अपघाती मृत्यूचा ट्रॅक होता. त्यात मी एक सीन लिहिला होता. आठवड्याभराने शाळेच्या रिक्षाचे काका दारात येतात. त्यांना महिन्याचे पैसे हवे असतात, पण मागायचे कसे ते कळत नाही. वडिलांना द्यायचे असतात, पण महिना पुरा झालेला नाही, मग किती द्यायचे हे विचारवत नाही. दोघंही दारात उभे. शेवटी वडील पूर्ण महिन्याचे पैसे काढून देतात आणि काका त्यातली एक नोट परत करतात. बस, एवढाच सीन. तो गाळला गेला, कारण ‘गोष्ट पुढे जात नाही’. ते गाळणाऱ्यांच्या हिशेबाने बरोबरच होतं. गोष्ट खरंच पुढे जात नव्हती. तेराव्याच्या विधीनंतरच्या भागात संशयाचा नवा ट्रॅक सुरू झाला आणि तो मुलगा कुणाच्या बोलण्यातही राहिला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी मी ‘फोरब्रुडेल्सन’ बघितली. डॅनिश शब्द, अर्थ ‘गुन्हा’. इंग्रजीत तिला ‘द किलिंग’ म्हणतात. डेन्मार्कच्या डीआर या सार्वजनिक वाहिनीने २००७ मध्ये ती दाखवली. लेखक सोरेन स्वाइस्ट्रुप. पहिल्या पर्वात वीस भाग, तपासाचे वीस दिवस, एका भागात एक दिवस. नाना नावाची एकोणीस वर्षांची मुलगी नाहीशी होते आणि पाण्यात बुडवलेल्या गाडीच्या डिकीत तिचा मृतदेह सापडतो. गाडी निघते महापौरपदाच्या निवडणुकीला उभ्या असलेल्या एका नेत्याच्या प्रचार कार्यालयाची. म्हणजे तीन धागे : पोलीस, राजकारण आणि नानाचं घर.

पहिले दोन धागे कुठल्याही गुन्हेगारी मालिकेत सापडतील. तिसऱ्यासाठी ही मालिका बघायची. नानाचे वडील थाइस लोकांचं घरसामान हलवण्याचा धंदा करतात, ट्रक, खोकी, हाताखाली माणसं. आई पर्निले हिशेब बघते. दोन लहान मुलगे आहेत. गाडी पाण्याबाहेर काढली जाते तेव्हा थाइस तिथे पोचलेला असतो आणि पर्निले फोनवर असते. मुलीचं काय झालं हे तिला कुणी सांगत नाही. फोनमधून नवऱ्याचा आवाज येतो आणि त्यावरून तिला समजतं. कॅमेरा तिच्यापाशी थांबतो. आमच्याकडे हा सीन लिहिला असता तर वीज कडाडली असती, आरती विझली असती. इथे एक बाई फोन कानाला लावून उभी आहे, इतकंच.

आणि मग एकोणीस भाग हे घर दिसत राहतं. लहान मुलांना कसं सांगायचं. मुलीला शेवटचे कपडे कुठले घालायचे. कामावरच्या माणसांचे पगार. घरच्यांना न सांगता थाइसने घेऊन ठेवलेलं नवं घर, त्याचे हप्ते, त्याची अर्धवट दुरुस्ती. शेजाऱ्यांचं बोलणं बंद होणं. दु:खात नवरा-बायको जवळ येतील असं आपण धरून चालतो, पण हे दोघं दोन वेगळ्या वेगाने शोक करतात आणि त्या वेगांमुळेच लांब जातात. माझा रिक्षाचा सीन इथे गाळला गेला नसता, हे बघताना मला दहादा जाणवलं. कौतुकापेक्षा आधी मला हेवा वाटला, हे प्रांजळपणे सांगते.

सारा लुंड ही तपास करणारी बाई सोफी ग्रोबॉलने केली आहे. तिचा तो पांढऱ्या-काळ्या नक्षीचा लोकरी स्वेटर, फेरो बेटांवरचा हातविणीचा, जगभर गाजला. तो सोफीने स्वतः निवडला होता. त्या एका निवडीतून किती लिहिणं वाचलं बघा. ही बाई घरून काय घालून निघाली याचा विचार करत नाही, तिला कुणाला काही दाखवायचं नाही, तिला थंडी वाजते आणि ती कामात आहे. तिचं हे नोकरीतलं शेवटचं काम, ती मुलाला घेऊन स्वीडनला राहायला निघालेली असते. दर भागात ती निघायची राहते. मुलगा, आई, मित्र सगळे तिच्यावर रुसत जातात. खुनी कोण हे कलाकारांनाही शेवटापर्यंत सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे प्रत्येकजण निर्दोष माणसासारखा वागतो आणि म्हणूनच प्रत्येकावर संशय घेता येतो. डेन्मार्कमध्ये पहिले दहा भाग वर्षाच्या सुरुवातीला दाखवले आणि उरलेले दहा शरद ऋतूत. मध्ये अर्धं वर्ष लोक वाट बघत होते. आपल्याकडे अर्धा दिवस वीज गेली तरी भाग चुकतो म्हणून निर्मात्याचा जीव वर-खाली होतो.

हे त्यांना जमतं कसं? डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आत-बाहेर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी. पैसा सार्वजनिक. नव्वदच्या दशकात डीआरची मंडळी अमेरिकेत जाऊन तिकडच्या मालिका कशा लिहिल्या जातात ते शिकून आली आणि परत येऊन त्यांनी स्वतःचे नियम केले. त्यातला पहिला ‘एक दृष्टी’ : मालिका कशाबद्दल आहे हे लेखक ठरवेल आणि दिग्दर्शकापासून रंगभूषेपर्यंत सगळे त्या दृष्टीची सेवा करतील. दुसरा ‘दुहेरी गोष्ट’ : वरवर खून किंवा निवडणूक चालू राहील, पण तिच्या पोटात समाजाचा एखादा प्रश्न असलाच पाहिजे. आमच्याकडे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असतात आणि आठवड्याला टीआरपीचा आकडा आला की चौथाच कुणी वळण बदलतो. यात कुणाची नियत वाईट नसते. पण दहा किंवा वीस भाग ठरलेले आहेत आणि शेवट लेखकाला माहीत आहे, एवढ्यानेच पहिल्या भागातलं वाक्य अठराव्या भागासाठी लिहिता येतं. ज्याला तुम्ही संथपणा म्हणता, तो बऱ्याचदा असा लांब पल्ल्याचा टाका असतो.

काळोखाबद्दल. त्यात थोडी शैली आहे आणि तिची नक्कल पुढे फार झाली, हे मान्य. विजेऱ्या घेऊन अंधारात फिरणारे पोलीस आता मलाही पुरे झाले आहेत. पण कोपनहेगनमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीस दुपारी पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. ‘फोरब्रुडेल्सन’ नोव्हेंबरातच घडते. ऑफिस सुटायच्या आत तिथे रात्र असते. आइसलँडची ‘ओफाइर्द’ घ्या, इंग्रजीत ‘ट्रॅप्ड’. हिमवादळाने एकुलता एक रस्ता बंद, बंदरात डेन्मार्कहून आलेली बोट, पाण्यात सापडलेलं मस्तक नसलेलं धड, आणि गावात तीन पोलीस. कोल्हापूर शहरापेक्षा कमी वस्तीच्या देशाने ही मालिका बनवली आहे. तिथे बर्फ हे पात्रच आहे, कारण बर्फामुळेच बाहेरून मदत येत नाही आणि गुन्हेगारही बाहेर जाऊ शकत नाही. आपल्या पावसाळी गोष्टीत घाट बंद होतो तसंच.

‘बोर्गन’ मात्र उजेडातली आहे आणि मराठी माणसाने ती बघायलाच हवी. डेन्मार्कच्या संसदेत १७९ जागा, बहुमताचा आकडा ९०. मधल्या एका लहान पक्षाची नेता बिर्गिट्टे न्यूबोर्ग अनपेक्षितपणे पंतप्रधान होते. १४५च्या आकड्यासाठी काय काय चालतं हे आपण टीव्हीसमोर बसून रात्र-रात्र पाहिलं आहे. त्यामुळे कोण कुणाला कुठलं खातं देऊन गप्प करतो हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. पण इथेही गोष्ट विजयानंतरची आहे. पहिल्या भागात ती जिंकते आणि पुढे सगळा हिशेब चुकता करण्याचा खेळ. नवऱ्याने तिच्यासाठी स्वतःची नोकरी किती वर्षं थांबवायची, याचा त्या दोघांत एक साधा घरगुती करार झालेला असतो. तो करार कसा झिजतो ते बघा. दुसऱ्या पर्वात मुलगी लौरा आजारी पडते आणि पंतप्रधान आई म्हणून दवाखान्याच्या बाकावर बसते, तेव्हा बिर्गिट्टेचं काम करणाऱ्या सिड्से बाबेट क्नुडसेनने चेहऱ्यावर काहीही ‘केलेलं’ नाही. २०१० मध्ये मालिका सुरू झाली आणि २०११ मध्ये हेले थॉर्निंग-श्मिट डेन्मार्कच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. योगायोगच, पण गोड. अशा योगायोगाची युरोपात आणखीही उदाहरणं आहेत. आइसलँडमध्ये पेट्रोलपंपावरच्या रात्रपाळीची विनोदी मालिका गाजवणारा योन ग्नार २०१० मध्ये रेक्याविकचा महापौर झाला आणि युक्रेनच्या मालिकेत अचानक राष्ट्राध्यक्ष झालेल्या इतिहासाच्या मास्तरचं काम करणारे वोलोदिमिर झेलेन्स्की २०१९ मध्ये खरोखरच राष्ट्राध्यक्ष झाले.

‘नंतर’चा हा विचार सगळ्यात चिकाटीने केला आहे तो फ्रेंचांनी, ‘अँ व्हिलाज फ्राँसे’ म्हणजे ‘एक फ्रेंच गाव’ या मालिकेत. २००९ ते २०१७, सात पर्वं, बहात्तर भाग. १९४० च्या जूनमध्ये जर्मन सैन्य एका लहान गावात शिरतं. गावचा डॉक्टर दानिएल लार्शे महापौर होतो, कारण त्या घडीला दुसरं कुणी जागेवर नसतं. वीज, धान्य, कोळसा मिळवायचा तर जर्मनांशी बोलावं लागतं. एकेक छोटी तडजोड, प्रत्येक त्या दिवशी समजण्यासारखी. दुसरी कुठलीही मालिका १९४४ मध्ये गाव मुक्त झालं की झेंडा फडकवून थांबली असती. ही पुढे जाते. खटले भरले जातात, कुणाचे केस भादरले जातात, कुणी रातोरात देशभक्त होतं, आणि डॉक्टरला त्या सगळ्या छोट्या तडजोडींची बेरीज समोर मांडून दाखवली जाते. त्यात सरसकट वाईट माणूस सापडत नाही, आणि त्याचाच त्रास होतो.

आता विनोद. हसू येत नाही असं तुम्ही म्हणता, ते मी दोन उदाहरणांनी समजावून बघते.

जर्मनीत दरवर्षी ३१ डिसेंबरला टीव्हीवर अठरा मिनिटांचं एक कृष्णधवल प्रहसन लागतं, ‘डिनर फॉर वन’. १९६३ मध्ये हॅम्बुर्गच्या एनडीआर वाहिनीने मुद्रित केलेलं. नट इंग्रज, भाषा इंग्रजी, आणि तरीही ते जर्मन घराघरातलं झालं. खुद्द ब्रिटनमध्ये मात्र ते कित्येक दशकं दाखवलंच गेलं नाही. मिस सोफीचा नव्वदावा वाढदिवस. मेजावर पाच माणसांची मांडणी आहे, पण ज्या चार मित्रांना बोलावलंय ते सगळे केव्हाच वारले आहेत. म्हातारा बटलर जेम्स चौघांच्या वतीने पितो. सूपाबरोबर शेरी, माशाबरोबर पांढरी वाइन, कोंबडीबरोबर शॅम्पेन, फळांबरोबर पोर्ट. चार पदार्थ, चार माणसं, सोळा पेले. सूप कुठलं, तर मुळगटवाणी, म्हणजे आपल्या दक्षिणेतल्या मिळगु-तण्णीरचं विलायती रूप. जमिनीवर वाघाचं कातडं पसरलेलं, त्याच्या डोक्याला जेम्स येता-जाता अडखळतो. एकदा तो अडखळत नाही, आणि त्याचंच त्याला नवल वाटतं. दर पदार्थाच्या आधी तो विचारतो, गेल्या वर्षीसारखंच ना? ती म्हणते, दरवर्षीसारखंच.

पहिल्यांदा बघाल तेव्हा दारुड्याचं प्रहसन म्हणून हसाल. जेम्स झालेल्या फ्रेडी फ्रिंटनचं शरीर इतकं नेमकं पडतं की हसू येतंच. दुसऱ्यांदा बघताना ध्यानात येतं, की हा माणूस त्या बाईला एकटी जेवू देत नाही. चार मेलेल्या माणसांचे आवाज काढून तो तिची पंगत भरून ठेवतो. विनोद त्या चौघांच्या मरणानंतर सुरू झालेला आहे.

दुसरं उदाहरण माझ्या विशेष जवळचं. ‘डेर टाटॉर्टराइनिगर’, म्हणजे ‘घटनास्थळ साफ करणारा’, हीसुद्धा एनडीआरचीच, २०११ ते २०१८. त्यासाठी आधी एक सांगायला हवं. जर्मनीत १९७० पासून रविवारी रात्री सव्वाआठला ‘टाटॉर्ट’ नावाची पोलीसकथा लागते, दीड तासाची, दर आठवड्याला वेगळं शहर आणि तिथले वेगळे पोलीस. सुरुवातीची चित्रफीत अजून मुळात तीच. त्या देशाला खुनाचा तपास रविवारच्या जेवणासारखा सवयीचा आहे. या पार्श्वभूमीवर एका लेखिकेने विचारलं, की पोलीस निघून गेल्यावर ते रक्त पुसतं कोण? मिझी मायर या टोपणनावाने इनग्रिड लाउझुंड यांनी हे सगळे भाग लिहिले आहेत. हाइको शॉटे ऊर्फ शॉटी हा हॅम्बुर्गचा सफाई कामगार. पांढरा अंगरखा, बादल्या, रसायनं, डबा. तो घरात शिरतो, कामाला लागतो आणि कुणीतरी येतं. मेलेल्याचा नातेवाईक, शेजारी, कधी भलताच माणूस. मग अर्धा तास दोघांचं बोलणं. खून कुणी केला हा प्रश्न बहुतेकदा येतच नाही.

पहिल्याच भागात, शॉटी एका घरात फरशी पुसत असताना एक वेश्या बेल वाजवते. मेलेल्या माणसाने तिची वेळ ठरवलेली असते, त्याचं काय झालं ते तिला माहीत नाही. दोघांचे धंदे असे की चारचौघांत सांगितले की समोरचा विषय बदलतो. ती त्याचं काम ऐकून शहारते, तो तिचं ऐकून अडखळतो, आणि हळूहळू दोघं दोन कारागिरांसारखे गप्पा मारायला लागतात. शॉटी शिकलेला नाही, त्याला हजरजबाबी वाक्यं दिलेली नाहीत. पण त्याला खोटं वागता येत नाही. दुसऱ्या एका भागात तो नवनाझींच्या अड्ड्यावर कामाला जातो आणि तिथे त्याची जी घुसमट होते ती बघताना मी हसलेही आणि गप्पही झाले. ब्यार्ने मेडल हा नट डोळ्यांच्या पापण्यांनी काम करतो. आपल्याकडे एकांकिका करणाऱ्या प्रत्येक पोराने हे एकतीस भाग बघावेत. एक खोली, दोन पात्रं, एक बादली, आणि तेवढ्यात अख्खा समाज.

म्हणजे ताई, तुम्ही हसण्याची जागा वाक्याच्या शेवटी शोधत होता. तिथे ती नसते. आपल्या विनोदी कार्यक्रमांत पंच आला की पाठीमागून हशा ऐकू येतो, त्यामुळे कान तयार झाले आहेत. या मालिकांत माणूस स्वतःला लपवायला बघतो आणि त्याला ते जमत नाही, ती हसण्याची जागा. ब्रिटिश ‘फ्लीबॅग’ हे याचं सगळ्यात धारदार रूप. बारा भाग फक्त. मैत्रिणीच्या मृत्यूनंतर एकटी कॅफे चालवणारी मुलगी सतत कॅमेऱ्याकडे वळून आपल्याशी बोलते, विनोद करते. आपल्याला वाटतं, ही आपली मैत्रीण. दुसऱ्या पर्वात एक पाद्री तिच्या आयुष्यात येतो, आणि ती अशीच क्षणभर आपल्याकडे वळलेली असताना तो विचारतो, तू आत्ता कुठे गेली होतीस? इतक्या भागांत तिचं हे वळणं कुणालाच दिसलं नव्हतं. मी तो सीन थांबवून पुन्हा लावला. जी लकब आपण विनोदाची युक्ती समजत होतो, ती तिची पळवाट होती, हे लेखिकेने एका प्रश्नात उघडं केलं. फीबी वॉलर-ब्रिजने लिहिलंही आहे आणि कामही तिनेच केलं आहे.

मंत्री आणि सचिवांवरच्या ब्रिटिश विनोदी मालिकेबद्दल, ‘येस मिनिस्टर’बद्दल, मी फार लिहीत नाही, मंत्रालयाशी कधीही काम पडलेल्या माणसाला ती आपोआप कळते. तिचं हिंदी रूप ‘जी मंत्रीजी’ २००१ मध्ये आलं होतं, त्यात फारुख शेख होते. पण मूळच बघा, कारण त्यातल्या सचिवाच्या, सर हम्फ्रीच्या, त्या लांबच लांब वाक्यांची मजा इंग्रजीच्या सरकारी वळणातच आहे.

आणि यावरून भाषेचं. माझी हात जोडून विनंती आहे, डब केलेलं बघू नका. जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन हे देश परदेशी मालिका स्वतःच्या भाषेत डब करतात. स्कँडिनेव्हियात मात्र पडद्यावर खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळी वाचायचीच पद्धत आहे. ‘ब्रोन’ म्हणजे ‘द ब्रिज’ मध्ये स्वीडन आणि डेन्मार्कला जोडणाऱ्या पुलावर, बरोबर सीमारेषेवर, एक प्रेत ठेवलेलं सापडतं. कमरेच्या वरचं एका बाईचं आणि खालचं दुसरीचं. दोन्ही देशांचे पोलीस एकत्र येतात. सागा नोरेन स्वीडिश बोलते, मार्टिन रोहदे डॅनिश बोलतो, दोघंही आपापलीच भाषा बोलत राहतात आणि एकमेकांचं जेमतेम समजून घेतात. सीमाभागातल्या आपल्या माणसांना हे नवं नाही, इकडून मराठी आणि तिकडून कन्नड असं बोलणं त्यांनी बाजारात रोज ऐकलेलं असतं. डब केल्यावर दोघं एकच भाषा बोलतात आणि अर्धी मालिका नाहीशी होते. नेपल्सच्या गुन्हेगारी जगावरची ‘गोमोरा’ तर खुद्द इटलीत इटालियन ओळींसह दाखवली गेली, कारण पात्रं नेपल्सची बोली बोलतात. वेल्समध्ये ‘हिंटरलँड’चं चित्रण करताना तेच प्रसंग एकदा वेल्शमध्ये आणि एकदा इंग्रजीत केले गेले. लहान भाषेची मालिका टिकवायला त्या नटांनी केवढी मेहनत घेतली असेल, हे मी सेटवर उभी राहून काम बघणारी बाई म्हणून सांगते. एक प्रसंग एकदा मनासारखा होतानाच दुपार उलटते.

तुमच्या आवडत्या स्पॅनिश मालिकेबद्दलही बोलते. ‘ला कासा दे पापेल’ २०१७ मध्ये स्पेनच्या आन्तेना ३ वाहिनीवर पंधरा भागांत संपली होती. सत्तर-सत्तर मिनिटांचे भाग. नेटफ्लिक्सने ते कापून बावीस केले आणि मग जगभर ती पेटली. नोटांच्या टांकसाळीतला तो पहिला दरोडा मला पूर्ण वाटतो, त्याला सुरुवात आहे, शेवट आहे. पुढची पर्वं केवळ लोकांना हवी होती म्हणून आली, आणि ते लिखाणात जाणवतं. माणसं मरतात आणि शोकाला वेळच नाही, कारण पुढचा स्फोट तयार असतो. मी हे ओळखते, कारण मी ते रोज करते.

जर्मन ‘डार्क’ आता नको. तीन पर्वं, सव्वीस भाग, चार कुटुंबं आणि तेहेतीस वर्षांच्या उड्या, २०१९, १९८६, १९५३. मला ती अतिशय आवडते. एका बापाच्या आत्महत्येने ती सुरू होते आणि मुलगा ते का झालं हे शोधत राहतो. पण नावं आणि चेहरे लक्षात ठेवायला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. नजर बसल्यावर बघा.

सुरुवात फ्रेंच ‘दी पूर सां’पासून करा, म्हणजे ‘दहा टक्के’, एजंटचं कमिशन. इंग्रजी नाव ‘कॉल माय एजंट’. पॅरिसमधली नटनट्यांची कामं बघणारी एक संस्था. तिचा संस्थापक पहिल्याच भागात सुट्टीवर असताना गांधीलमाशी गिळून मरतो आणि मागे राहिलेल्या चौघांना धंदा बुडू न देता एकमेकांशी भांडायचं असतं. खरे नामवंत नट स्वतःचीच कामं करतात. पहिल्या भागात सेसिल द फ्रान्सला हॉलिवूडचा मोठा सिनेमा हुकतो, कारण तिचं वय झालं म्हणतात. हे तिला सांगायचं कुणी, यावर भाग उभा आहे. हलकी आहे, वेगवान आहे, तुम्हाला लगेच जमेल. आपल्याकडे तिची हिंदी नक्कल झाली, पण मूळ आधी बघा. मग ‘टाटॉर्टराइनिगर’चे दोन-तीन भाग. मग ‘ब्रोन’चं पहिलं पर्व, ते तुमच्या चोरांइतकंच धरून ठेवतं. त्यानंतर ‘बोर्गन’, आणि ‘फोरब्रुडेल्सन’ हिवाळ्यात, रोज एक किंवा फार तर दोन भाग. ब्रिटनमध्ये २०११ ला बीबीसी फोरने ती शनिवारी रात्री दोन-दोन भाग अशी दाखवली होती आणि लोकांनी ती डॅनिशमध्येच, खालच्या ओळी वाचत बघितली. एका बैठकीत संपवू नका. मधला दिवस तुमच्या डोक्यात राहिला पाहिजे.

आणि सगळ्यात शेवटी पोलंडची ‘डेकालोग’. क्रिश्तोफ किश्लोव्स्कीने १९८०च्या दशकाच्या अखेरीस पोलिश टीव्हीसाठी केलेले, तासा-तासाचे दहा भाग. पिएसिएविच नावाच्या वकिलाबरोबर लिहिलेले. वॉर्सॉमधली एक मोठी वसाहत, आपल्या म्हाडाच्या इमारतींसारखी, आणि दर भागात तिथल्या वेगळ्या घराची गोष्ट. पहिल्या भागात एक प्राध्यापक बाप आणि त्याचा लहान मुलगा आहे. घरी संगणक आहे, १९८०च्या दशकातला. तळं गोठलंय, मुलाला नव्या स्केट घालून खेळायचंय. बाप तापमानाचे आकडे घालून बर्फाची जाडी काढतो, बर्फ मुलाचं वजन सहज पेलेल असं उत्तर येतं. तरी रात्री तो स्वतः जाऊन बर्फावर उभा राहून बघतो. दुसऱ्या दिवशी तो टेबलाशी काम करत असताना कागदावर शाईचा डाग उमटतो आणि पसरत जातो. दौत फुटलेली असते. बाहेर अग्निशमन गाडीचा भोंगा वाजतो. तो हात धुतो. शाई निघत नाही. कुणीतरी येऊन विचारतं, तुमचा मुलगा घरी आहे का. तळ्यावर काय झालं ते कॅमेरा दाखवतच नाही. आपण बापाबरोबर जिन्यात आहोत, दारोदारी चौकशी करतोय, आणि तो अजून घाईने चालत नाहीये, कारण घाई केली तर ते खरं होईल.

तो भाग बघितल्यावर त्याच रात्री दुसरा लावू नका.